जुन्या सतरंजीचं काय करावं?

सुती सतरंजीचा रंग विटला तरी तिचा कस लवकर जात नाही. कुणाला देण्याआधी ती धुऊन कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. दमट घडीला बुरशी लागते, मग ती घेणाऱ्याच्या काहीच कामाची राहत नाही. भटक्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्या संस्थांना अशी अंथरुणं हवी असतात; आधी फोन करून विचारा. मागे रबर लावलेली पायपुसणी मात्र तिथे देऊच नका. जुन्या रबराचे तुकडे पडतात आणि कुत्री ते चघळतात. सतरंजी मध्येच फाटली असेल तर धड भागाची आसनं करा. कापलेली कड लगेच दुमडून शिवा, नाहीतर दोरे सुटत जातात. लोकरीच्या चिंध्याही वाया जात नाहीत: पानिपतच्या कारखान्यांत त्या रंगांप्रमाणे निवडून, पिंजून, पुन्हा सूत काततात आणि त्याची ब्लँकेटं विणतात.