गोळीबारातून उभी राहिलेली समिती

१९४२ च्या ‘चले जाव’ लढ्यात समाजवादी नेते एस. एम. जोशी भूमिगत होते आणि कॉम्रेड डांग्यांचा कम्युनिस्ट पक्ष त्या लढ्याच्या विरोधात उभा होता. समाजवाद्यांच्या मनातली ती जखम पुढे कित्येक वर्षं भरली नव्हती. तरीही ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात हे दोन्ही पक्ष एका छपराखाली बसले. सोबत शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होतं, अध्यक्षस्थानी केशवराव जेधे होते. त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्र समिती जन्माला आली. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या माणसांना एकत्र कोणी आणलं? भाषेचं प्रेम होतंच. पण ते आधीही होतं. नवीन होतं ते मुंबईच्या रस्त्यांवर सांडलेलं रक्त.

मागणी जुनी होती. १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात मराठी भाषकांच्या एका राज्याचा ठराव झाला आणि त्यातूनच संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. शंकरराव देव तिचे धुरीण. म्हणजे ही चळवळ आरंभी काँग्रेसजनांच्याच हातात होती. निवेदनं, शिष्टमंडळं, दिल्लीच्या वाऱ्या, कार्यकारिणीच्या बैठका अशी तिची रीत. डॉ. आंबेडकरांनीही १९४८ मध्ये निवेदन लिहून मराठी प्रांताची आणि त्यात मुंबईची बाजू मांडली होती. सरकारने या मंडळींशी मोकळेपणाने बोलणी केली असती, तर हा प्रश्न विरोधी पक्षांच्या दारात गेलाच नसता, असं माझं ठाम मत आहे.

१९५५ च्या ऑक्टोबरात राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. गुजराती आणि मराठी मुलुखाचं एक द्विभाषिक राज्य करावं, विदर्भ वेगळा ठेवावा, अशी त्याची शिफारस होती. मग काँग्रेसश्रेष्ठींनी तीन राज्यांची तोड काढली: महाराष्ट्र, गुजरात आणि वेगळी मुंबई. गिरणगावाला हे कसं रुचावं? मुंबईच्या गिरण्यांत घाम गाळणारा माणूस रत्नागिरी-साताऱ्याचा, घाटावरचा आणि कोकणातला. त्याच्याच मुंबईतून त्याला परका करण्याचा हा डाव त्याला दिसत होता.

२० नोव्हेंबरला मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबईचे काँग्रेस नेते स. का. पाटील यांनी चौपाटीवर सभा घेतली. समजूत घालायची, तर तिथे आव्हानाची भाषा झाली आणि संतापलेल्या लोकांनी सभा उधळली. दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला कामगार संपावर गेले आणि मोर्चा विधिमंडळाच्या दिशेने निघाला. फ्लोरा फाउंटनपाशी लाठी चालली, अश्रुधूर सोडला गेला, आणि मग गोळ्या झाडल्या गेल्या. पंधरा माणसं मेली.

१६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय सांगितला आणि नेत्यांची धरपकड झाली. सरकारची चूक इथे दुहेरी झाली. जमावाला आवर घालू शकणारी माणसंच तुरुंगात गेल्यावर लालबाग, परळ, गिरगावातल्या पोरांना थांबवणार कोण? दगडफेक झाली, दुकानं लुटली गेली, निरपराध गुजराती कुटुंबांनाही झळ लागली. हे लाजिरवाणं होतं आणि ते लपवू नये. राज्यकर्त्याला शांतता राखावीच लागते. पण आठवडाभर पोलिसांच्या बंदुका ज्या सढळपणे चालल्या, त्याला शांतता राखणं म्हणता येत नाही. पुढे हुतात्म्यांची संख्या १०६ मोजली गेली.

मोरारजी भ्रष्ट नव्हते, भित्रे नव्हते, कामात कसूर करणारे नव्हते. कायद्याचा धाक बसला की माणसं मुकाट घरी जातात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मुंबईत नेमकं उलट झालं. चाळीतल्या शेजाऱ्याचा मुलगा गोळी लागून गेला की सीमांचा, भाषेचा, आयोगाचा वाद मागे पडतो. ज्या बाईने कधी सभेत पाऊल टाकलं नव्हतं, तीही अंत्ययात्रेला बाहेर पडते.

सरकारच्या घरातही तडा गेला. कुलाब्यातून निवडून आलेले केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राजीनामा दिला. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत निवेदन करताना त्यांनी मंत्रिमंडळाला न विचारता घेतलेल्या निर्णयावर बोट ठेवलं आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारल्याचा निषेध केला. शंकरराव देवांची परिषद मागे पडली. नेतृत्व समितीकडे गेलं. अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे यांच्या शाहिरीने गावोगावच्या सभा पेटल्या आणि १५ नोव्हेंबर १९५६ पासून आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ रोज सकाळी घराघरांत जाऊ लागला.

गुजरातेतही हेच घडलं, हे आपण मराठी माणसं अनेकदा विसरतो. ऑगस्ट १९५६ मध्ये मुंबई वेगळी ठेवण्याऐवजी संसदेने मोठं द्विभाषिक राज्य ठरवलं तेव्हा अहमदाबादेत विद्यार्थी रस्त्यावर आले. काँग्रेस भवनाजवळ गोळीबार झाला, तरुण पोरं मेली. मोरारजींनी शांततेसाठी उपोषण केलं, तर लोकांनी ‘जनता कर्फ्यू’ पुकारून घराबाहेर पडायचंच नाकारलं. इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात जनता परिषद उभी राहिली आणि १९५७ मध्ये इंदुलाल अहमदाबादेतून लोकसभेवर गेले. एकाच सरकारने एकाच वर्षात मराठी आणि गुजराती, असे दोन विरोधी पक्ष उभे केले.

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. मध्य मुंबईतून डांगे, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, नाशकातून दादासाहेब गायकवाड, राजापुरातून नाथ पै लोकसभेत गेले. विधानसभेवर दादरमधून अत्रे आणि पुण्यातून एस. एम. आले. द्विभाषिक राज्याचे नवे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतः कराडमधून जेमतेम निवडून आले. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या जोरावर सरकार टिकलं. पण मुंबई महापालिका समितीने जिंकली आणि १९५८ मध्ये कम्युनिस्ट मिरजकर मुंबईचे महापौर झाले.

यशवंतरावांनी मात्र यातून बोध घेतला. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू प्रतापगडावर निघाले, तेव्हा वाटेवर समितीची हजारो माणसं काळी निशाणं घेऊन उभी होती. त्या दिवशी गोळी चालली नाही. निदर्शनं शांततेत पार पडली. लोकांच्या मनात काय आहे ते नेहरूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मुंबईच्या सगळ्या बंदुकांनी जे साधलं नव्हतं ते त्या शांत रस्त्याने साधलं असं मला वाटतं. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं.

त्यानंतर समिती विस्कटली. बेचाळीसची जखम असलेले पक्ष पुन्हा आपापल्या वाटेने गेले. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रात २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. पाच वर्षांपूर्वी ज्या मतदाराने त्या पक्षाला झिडकारलं, त्यानेच त्याला पुन्हा डोक्यावर घेतलं. मागणी पुरी झाली होती, अंगावर येणारा हात थांबला होता.

फ्लोरा फाउंटनच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आजही उभे आहेत. लोकलच्या घाईत आपण त्यांच्यासमोरून जातो. पुढच्या वेळी त्या पुतळ्यापाशी पाच मिनिटं थांबा आणि तिथली हुतात्म्यांची नावं वाचा. त्यातल्या बहुतेकांचं कोणत्याही पक्षात नाव नव्हतं.