कारखान्यातून की वाण्याकडून?

संगणकाची भाषा शिकणारे एखादे तरी मूल आता पुष्कळ घरांतून आढळते. पहिला धडा गिरवण्यापूर्वीच त्याला एक प्रश्न अडवतो, आणि तो मग जेवणाच्या पानावर येतो: ‘पायथन’ घ्यायचे ते पायथनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, की पॅकेज मॅनेजरकडून?

वडीलधाऱ्यांनी यात बिचकण्याजोगे काही नाही. अधिकृत इन्स्टॉलर म्हणजे खुद्द कारखान्याच्या दुकानातून माल आणणे. पॅकेज मॅनेजर म्हणजे महिन्याच्या खात्याचा वाणी. त्याला यादी द्यावी. एका जिनसाच्या जोडीला दुसरा लागत असेल तर तोही तो न सांगता पिशवीत घालतो. डेबियन लिनक्समध्ये ‘एप्ट’ 1999 पासून ही चाकरी करीत आहे, मॅकवर ‘होमब्रू’ 2009 पासून; विंडोजच्या ‘विनगेट’ची पहिली पक्की आवृत्ती 2021 ची.

कारखान्याच्या दुकानाचा लाभ उघड आहे. हवी ती आवृत्ती निघाल्या दिवशी मिळते. उलट डेबियन 12 हे जून 2023 मध्ये पायथन 3.11 घेऊन आले. त्याच ऑक्टोबरात 3.12 निघाले, तरी डेबियन 12 आपल्या 3.11 ला चिकटून राहिले. माल नासका नव्हे हो! दोष निघाला की डागडुजी होते, फक्त आवृत्ती बदलत नाही.

पण माल घरी आल्यावर त्याची निगा कोणी राखायची? मॅकवर इन्स्टॉलर पायथन ठेवून निघून जातो. पुढल्या वर्षी नवे आणले तरी जुने कोपऱ्यात राहतेच, आणि दोन-तीन वर्षांत ‘पायथन’ अशी हाक मारली की ओ कोण देईल याचा भरवसा उरत नाही. होमब्रू एका आज्ञेत सगळे अद्ययावत करतो. मात्र कधी कधी त्याची तत्परताच नडते: दुसऱ्या कशासाठी तरी तो पायथन बदलतो आणि मुलाचा चालता प्रकल्प अडून बसतो.

राहिला विश्वासाचा प्रश्न, आणि खरा धोका तेथेच आहे. 2015 साली चीनमध्ये ॲपलचे ‘एक्सकोड’ फार सावकाश उतरत असे, म्हणून काही प्रोग्रामरांनी ते तिऱ्हाइताच्या साठ्यातून घेतले. त्यात लबाडी मिसळलेली होती. ती त्यांच्या ॲपांतून लोकांच्या आयफोनांपर्यंत पोचली. ‘वुईचॅट’देखील त्यातून सुटले नाही. म्हणून कारखानाच बरा म्हणावे, तर मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ‘एक्सझेड’ या साधनाच्या अधिकृत आवृत्त्यांतच चोरदरवाजा सापडला. डेबियनच्या स्थिर शाखेने त्या आवृत्त्या अजून घेतल्याच नव्हत्या. वाण्याचा संथपणा कामी आला. नव्याची हौस असलेल्या होमब्रूला मात्र जुन्या आवृत्तीवर परतावे लागले.

तेव्हा निवड करावी ती गरज पाहून. विंडोज किंवा मॅकवर एकच भाषा शिकायची असेल, तर अधिकृत इन्स्टॉलर पुरेसा आहे. संकेतस्थळाचा पत्ता तेवढा नीट पाहावा. दहा साधने लागत असतील तर पॅकेज मॅनेजर धरावा, कारण दहा ठिकाणची निगा माणसाच्याने होत नाही. लिनक्सवर यंत्रणा स्वतःच्या कामासाठीही पायथन वापरते. त्याला हात न लावता प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’ करून द्यावे. मॅकवरही ही सवय हिताचीच. होमब्रूने पायथन बदलले तरी तेवढीच चूल पुन्हा मांडावी लागते.

आणि काहीही निवडले तरी एक जिन्नस एकाच दुकानातून आणावा, आणि कुठून आणला ते वहीत टिपून ठेवावे. उद्या काही बिघडले, तर कोणाचे दार ठोठवायचे हे निदान ठाऊक असेल.