पंचाहत्तर कोटी बुडाले, पण कुणाचे?

अमेरिकेतल्या यू.एस. बँकेच्या पेन्शन योजनेतले दोन निवृत्त सभासद. एकाला दरमहा २,१९८.३८ डॉलर मिळत, दुसऱ्याला अवघे ४२.२६. दोघांनी मिळून केलेला आरोप मात्र अवाढव्य होता: बँकेने फंडाचा पैसा शेअर बाजारात झोकला, त्यातला काही आपल्याच घरच्या म्युच्युअल फंडांत घातला, आणि २००८च्या पडझडीत फंडाला सुमारे ७५ कोटी डॉलरची खोट आली.

१९७४चा ‘एरिसा’ कायदा अशा फंडाची विश्वस्ताच्या सावधपणाने देखभाल करायला सांगतो. तसं झालं नाही तर सभासदाने दावा लावावा, हेही त्यातच आहे. तरी दावा दारातच अडला!

खटला चालू असतानाच फंडात गरजेपेक्षा जास्त पैसा जमला. जिल्हा न्यायालय म्हणालं, आता वादच उरला नाही. अपील न्यायालयाच्या मते, फंड भरलेला असताना एरिसाच असा दावा लावू देत नाही. १ जून २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी दावा तिसऱ्याच कारणाने फेटाळला. पेन्शनचा आकडा ठरलेला. फंड फुगो वा आटो, दोघांचा एकही हप्ता चुकलेला नाही. जिंकले तरी तेवढेच, हरले तरी तेवढेच. मग यांचं गेलं काय? आणि ज्याचं काही गेलं नाही त्याचा वाद ऐकण्याचा अधिकार राज्यघटनेने संघीय न्यायालयांना दिलेलाच नाही. संसदेने कायद्यात काहीही लिहिलं तरी. जनहित याचिका अंगवळणी पडलेल्या आपल्याला हे चक्रावून टाकतं.

बँक चुकली की नाही, हे सुप्रीम कोर्टाने ठरवलंच नाही. सभासदांच्या वकिलांनी मात्र किमान ३ कोटी १० लाख डॉलर फी मागितली होती. निकालपत्राने तेही नोंदवलं, आणि फीमुळे अशिलाला दाव्याचा हक्क मिळत नाही असं सुनावलं.

न्यायमूर्ती सोतोमायोर यांचं विरोधी मत मला अधिक पटतं. विश्वस्ताने विश्वास मोडला, की ज्यांच्यासाठी पैसा सांभाळायचा त्यांच्यावर अन्याय झालाच, असं त्यांचं म्हणणं. बहुमताचं उत्तरही पोकळ नाही: ठरीव पेन्शनमध्ये फंड कमी पडला तर भर मालकाने घालायची, शिल्लकही सभासदांची नाही.

हेच दोघे ‘४०१(के)’ योजनेत असते तर? तिथे प्रत्येकाचं खातं वेगळं असतं आणि बाजार पडला की त्यातली रक्कम थेट घटते. तोच कारभार, तोच तोटा, आणि कोर्टाचं दार उघडं.