घरची खारी टाकी : पंप आणि सांडवा

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली समुद्रकाठी उघडले. आमच्या केशवापुरात समुद्र कोठला? सागरी मीठ विरघळवून आम्ही घरच्या काचटाकीत खारे पाणी केले.

टाकीतील पाणी सांडव्याच्या नळीने खालच्या कुंडात उतरते. पंप ते पुन्हा वर चढवितो. तोट्या फिरवून दोन्ही प्रवाह जुळविण्याची खटपट व्यर्थ आहे. पंप चढवील तेवढेच पाणी सांडते. मात्र सांडव्याची नळी पंपाच्या मानाने मोठी हवी. ती तुंबल्यास दुसरी राखीव असावी.

वीज गेली की सांडव्याच्या काठावरचे पाणी खाली येते. परतीच्या नळीचे तोंड खोल बुडालेले असल्यास त्याहूनही अधिक. कुंडात तेवढी जागा न ठेवल्याने एका रात्री आमच्या घरभर खारे पाणी पसरले. म्हणून मासे सोडण्यापूर्वी पंप मुद्दाम बंद करून पाहावा.