दमा रात्रीचा, दवाखाना दिवसाचा

माझी मामी दौंड तालुक्यात मळ्यात राहते. सकाळी फोन केला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, ‘मामी, झोप झाली का?’ उत्तरही ठरलेलं, ‘कसली झोप बाबा, बसूनच काढली रात्र.’

हे बसून रात्र काढणं मी एकदा जवळून पाहिलं. पहाटे साडेतीनच्या सुमाराला ती उठली, बाजेच्या कडेला बसली, दोन्ही तळहात गुडघ्यांवर रोवले, खांदे वर ओढले आणि ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत राहिली. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. हात रोवले की खांद्याच्या आणि मानेच्या स्नायूंना टेकू मिळतो आणि एरवी श्वासाच्या भानगडीत न पडणारे ते स्नायूही फासळ्या उचलायला लागतात. तासाभराने धाप बसली. चहा झाला, गाईची धार झाली. बाराच्या सुमाराला आम्ही तालुक्याच्या गावी दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर छातीला नळी लावून म्हणाले, ‘छाती तर मोकळी आहे की!’ मामीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू खोटं बोलताना पकडली गेली.

खोटं कुणीच बोलत नव्हतं. घड्याळात आठ-नऊ तासांचं अंतर पडलं होतं, एवढंच.

तुमच्या-माझ्याही श्वासनलिका दिवसभर सारख्या रुंदीच्या नसतात. दुपारी चारच्या आसपास त्या सर्वांत मोकळ्या असतात आणि पहाटे चारच्या आसपास सर्वांत अरुंद. निरोगी माणसात हा फरक पाच ते आठ टक्क्यांचा, तो जाणवतही नाही. रात्रीचा दमा असणाऱ्यांत तो पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. त्यात नळीचं गणित सरळ नाही. इंचाची पाइपलाइन काढून अर्ध्या इंचाची टाकली तर पाणी निम्मं येत नाही, पार करंगळीएवढी धार होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. नळीतून प्रवाह संथ असेल तर व्यास निम्मा झाल्यावर अडथळा दुप्पट न होता सोळापट होतो. म्हणून दिवसा ‘थोडीशी घरघर’ असणारी छाती पहाटे एकदम गच्च होते.

हे रात्रीच का, याचा शोध जुना आहे. इंग्लंडचे वैद्य जॉन फ्लॉयर स्वतः दमेकरी होते. 1698 साली त्यांनी दम्यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि पहिली झोप झाल्यावर, रात्री एक-दोनच्या सुमाराला झटका येतो, हे त्यात नोंदवलं. पुढे शरीरातल्या रसायनांचा हिशेब लागला. सूज आवरून धरणारं कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमाराला तळाला जातं. नलिका मोकळ्या ठेवणारं अ‍ॅड्रेनलिन पहाटे उतरतं. त्याच वेळी नलिका आवळणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचा जोर वाढतो. तिन्ही गोष्टी एकाच प्रहराला जुळून येतात.

तरी शंका उरतेच. आडवं पडल्यामुळे, अंथरुणातल्या धुळीमुळे किंवा थंडीमुळे तर हे होत नसेल? अमेरिकेतल्या संशोधकांनी ती 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तपासली. दम्याच्या 17 रुग्णांना मंद उजेडाच्या खोल्यांत ठेवलं. एका टप्प्यात 38 तास सलग जागं ठेवलं, दुसऱ्या टप्प्यात चोवीसऐवजी 28 तासांचा ‘दिवस’ जगायला लावला. झोप कोणत्याही वेळी घ्या, फुप्फुसांची ताकद शरीराच्या आतल्या घड्याळाच्या रात्रीच सर्वांत कमी भरली. धूळ आणि थंडी भर घालतात, पण मूळ घड्याळ आतलं आहे. ‘मनाला लावून घेते म्हणून हिला रात्री दम लागतो’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा प्रयोग एकदा वाचून दाखवावा, असं मला फार वाटतं.

आता झोपेकडे येऊ. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पूर्वार्धात असतो आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे सरकत वाढत जाते. स्वप्नांच्या झोपेत शरीर हातापायांचे स्नायू सैल सोडतं, फासळ्यांमधलेही सोडतं. श्वासाचं सगळं ओझं एकट्या पडद्यावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूवर पडतं. नेमक्या त्याच वेळी नलिका सर्वांत अरुंद. मग मेंदूपुढे एकच उपाय उरतो, माणसाला जागं करणं. दरवेळी तो पूर्ण जागा करतोच असं नाही. काही सेकंदांची अर्धवट जाग येते, कूस बदलते, खोकल्याची उबळ येते, पुन्हा डोळा लागतो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. आठ तास पडून राहिल्याचं मात्र आठवतं आणि तरी अंग का मोडून आलंय, हे कळत नाही.

दिवसाचा थकवा येतो तो इथून. शाळेत पहिल्या तासाला पेंगणारं किंवा उलट विनाकारण चिडचिड, धुडगूस घालणारं मूल रात्री खोकत असतं का, हे फार कमी घरांत विचारलं जातं. बाईमाणसाच्या बाबतीत तर थकवा गृहीतच धरलेला. ब्रिटनमध्ये 1988 साली मार्गारेट टर्नर-वॉरविक यांनी 7,729 दमेकऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातले 74 टक्के आठवड्यातून एकदा तरी दम्यामुळे रात्री उठत होते, सुमारे 40 टक्के रोज रात्री. हे सगळे उपचार घेणारे रुग्ण होते.

शिरूर-दौंडच्या रात्रीला आणखी वेगळे पदर आहेत. दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप हंगाम रंगात येतात, शेतात पाचट पेटतं, केडगाव-यवतच्या बाजूला गुऱ्हाळांची चुलवणं ढणढणतात. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, ती वर उठत नाही. धूर गोधडीसारखा गावावर पसरून राहतो. शिरूरकडे बिबट्याची धास्ती, म्हणून दारं-खिडक्या तिन्हीसांजेलाच बंद. उसामुळे डास, म्हणून बंद खोलीत कॉइल. एक कॉइल जळून जाईपर्यंत जितके सूक्ष्म कण हवेत सोडते, तितके 75 ते 137 सिगारेटींमधून निघतात, असं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. घरात बिडी ओढणाऱ्याला ओसरीवर पिटाळणारी माणसं लेकराच्या उशाशी कॉइल लावून निर्धास्त झोपतात.

आणि गोधडी. माझा जीव तिच्यात अडकलेला असल्यामुळे लिहिताना हात जड होतो, पण धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना जुन्या लुगड्यांच्या थरांएवढं सुखाचं घर दुसरं नाही. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात शोषून घेतात. कोरड्या हवेत ते तग धरत नाहीत. घटस्थापनेआधी घर काढायचं, गोधड्या नदीवर नेऊन धुवायच्या आणि तापलेल्या खडकावर कडकडीत वाळवायच्या, ही रीत पावसाळ्याचा ओलावा संपतानाच येते, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. दमेकऱ्याच्या घरी वर्षातून एकदा हे पुरत नाही, इतकंच.

उरला प्रश्न रात्री दारं धरण्याचा, म्हणजे पिकाला पाणी देण्याचा. शेतीच्या पंपाला वीज रात्रपाळीने असली की दमेकरी शेतकरीही दोन वाजता खांद्यावर फावडं टाकून उसात उतरतो. फुप्फुसं तळाला असताना गार हवेत श्रम, यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडणार नाही. दिवसा वीज द्या ही मागणी आपण बिबट्या आणि साप यांच्या संदर्भात ऐकतो. तिच्यात दमाही धरायला हरकत नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत कायम रात्रपाळी करणाऱ्यांनीही एक आकडा लक्षात ठेवावा. ब्रिटनमधल्या दोन लाख ऐंशी हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून केलेल्या अभ्यासात कायम रात्रपाळीवाल्यांना मध्यम ते तीव्र दमा असण्याची शक्यता दिवसपाळीवाल्यांपेक्षा 36 टक्क्यांनी जास्त दिसली.

उपचारांत एक विरोधाभास आहे. दम्यासाठी वर्षानुवर्षं दिली जाणारी थिओफिलिन ही गोळी चहातल्या कॅफिनची सख्खी बहीण. आल्ब्रेश्ट कोसेल यांनी 1888 साली ती चहाच्या पानांतूनच वेगळी केली होती. ती नलिका सैल करते, पण काहींची झोप उडवते आणि काळजात धडधड आणते. तोंडाने औषध ओढायच्या पंपाला मात्र लोक घाबरतात. ‘एकदा लागला की सुटत नाही’, ‘पंप म्हणजे शेवट’ अशी बोलणी कानावर येतात. खरं तर पंपातली सूज कमी करणारी स्टेरॉइडची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीतली मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. पंपाचं औषध थेट नलिकांत जातं, नंतर चूळ भरली की घशाला होऊ शकणारा त्रासही कमी होतो. फक्त तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर दमा रेटणं धोक्याचं, असं दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं 2019 पासून स्पष्ट सांगतात. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण 13 टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 42 टक्क्यांहून अधिक इथले. यामागे सूज उतरवणारं औषध रोज न घेणं हे मोठं कारण मानलं जातं.

याच मार्गदर्शक तत्त्वांत दमा आटोक्यात आहे का हे ठरवायला चार प्रश्न आहेत. दिवसा त्रास किंवा तात्पुरत्या पंपाची गरज आठवड्यातून दोनदापर्यंत चालते. रात्रीच्या प्रश्नाला तेवढीही सूट नाही. गेल्या चार आठवड्यांत दम्याने एकदा जरी झोपेतून उठवलं असेल, तर तो गुण गेला.

शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला, बानू कोयाजींनी उभ्या केलेल्या ग्रामीण आरोग्याच्या कामातून वाढलेलं पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आहे. 2002 पासून तिथे 22 गावांतल्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची घरोघर फिरून नोंद होते, श्वसनविकारांवरही काम चालतं. नोंद ठेवण्याची ही चिकाटी एका माणसापुरती घरातही जमते. त्यासाठी पीक फ्लो मीटर नावाची प्लॅस्टिकची नळी पुरते. जोरात फुंकायचं, काटा सरकतो, आकडा लिहायचा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

मामीला मी ती नळी आणि नातवाची उरलेली वही दिली. पहिल्या आठवड्यात सकाळी 210, संध्याकाळी 280 असेच आकडे होते. दोहोंतला फरक 70, सरासरी 245, म्हणजे 28 टक्क्यांच्या वर. प्रौढांत रोजचा सरासरी फरक 10 टक्क्यांच्या वर गेला तरी दम्याचा संशय घेतात. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नळी गळ्यातच ठेवली, आधी वही उघडली. औषध बदललं, महिनाभरात सकाळचे आकडे 250 च्या पुढे सरकले. मग एका पानावर सलग तीन दिवस पुन्हा 200, 190, 205. डॉक्टरांनी बोट ठेवून विचारलं, ‘इथे काय झालं?’ समासात मामीच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, ‘शेजाऱ्याने पाचट पेटवलं. बसून काढली.’