औषधाची चिठ्ठी

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानीं कधींच गेला नाहीं, असा विद्यार्थी आपल्या शाळेंत क्वचितच सांपडेल. हें काम आपणांस अगदीं क्षुल्लक वाटतें. चिठ्ठी पुढें करावी, पैसे मोजावे, पुडी खिशांत टाकावी आणि खेळाची वेळ चुकूं नये म्हणून धांवत घरीं यावें, इतकेंच त्याचें स्वरूप. परंतु ह्या लहानशा कामांत केवढी जबाबदारी आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड शहरीं १८५८ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस एक भयंकर प्रकार घडला. त्या काळीं साखर महाग असल्यामुळें मिठाई करणारे तिच्यांत एक स्वस्त पांढरी भुकटी मिसळीत असत. अशा एका मिठाईवाल्यानें ही भुकटी आणावयास आपल्या घरीं भाड्यानें राहणाऱ्या माणसास एका औषधविक्रेत्याकडे पाठविलें. विक्रेता आजारी होता. पिंप माळ्यावर कोणत्या बाजूस आहे, तें त्यानें आपल्या नवख्या मदतनिसास सांगितलें. मदतनिसानें भलत्याच पिंपांतील बारा पौंड, म्हणजे सुमारें साडेपांच किलो भुकटी बांधून दिली. ती भुकटी सोमल होती! तिच्या पेपरमिंटच्या वड्या तयार झाल्या. वड्या नेहमींसारख्या दिसत नाहींत, हें बाजारांत त्या विकणाऱ्याच्या लक्षांतही आलें. परंतु त्याचें कारण शोधण्याऐवजीं त्यानें भाव मात्र कमी करून घेतला. सुमारें वीस माणसें मृत्युमुखीं पडलीं, त्यांत लहान मुलेंही होतीं. आणि दोनशेंहून अधिक आजारी झालीं. विषें व औषधें कोणीं विकावीं, ह्यासंबंधीं १८६८ सालीं त्या देशांत जो कायदा झाला, त्याच्या कारणांपैकीं ही घटना एक होय.

ह्या गोष्टींतील कोणाच्याही मनांत कोणाचा जीव घेण्याचें नव्हतें. देणाऱ्यानें वाचून पाहिलें नाहीं, नेणाऱ्यानें विचारलें नाहीं, आणि ज्याला शंका आली त्यानें ती गिळून टाकली. आपल्या आधींच्या माणसानें पाहिलेंच असेल, असें प्रत्येकानें गृहीत धरलें.

आतां काळ पालटला आहे. आपल्या देशांत १९४८ सालच्या फार्मसी कायद्यानें चिठ्ठीवरील औषधें देण्याचें काम नोंदणी झालेल्या फार्मासिस्टाकडे सोंपविलेलें आहे. तथापि शिकलेला मनुष्यही चुकतो. विशेषतः दुकानांत गर्दी असली व अक्षर लागत नसलें म्हणजे चुकतो. ह्या चुका कशा होतात, तें पाहूं.

पहिली चूक नांवांची. अमेरिकेंत १९८९ सालीं जठरांतील आम्ल कमी करणारें एक औषध ‘लोसेक’ ह्या नांवानें आलें. लघवी वाढविणारें ‘लॅसिक्स’ तेथें आधींपासून होतेंच. घाईनें लिहिलेलीं हीं दोन नांवें एकसारखीं दिसूं लागलीं व घोटाळे होऊं लागले. तेव्हां दुसऱ्याच वर्षीं नव्या औषधाचें नांव बदलून ‘प्रायलोसेक’ करावें लागलें. आपल्याकडेही डॉक्टरांनीं औषधाचें मूळ नांव वाचतां येईल अशा, व शक्य तर इंग्रजी मोठ्या, अक्षरांत लिहावें, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेनें २०१६ सालीं केला.

दुसरी चूक आंकड्यांची. गणिताच्या तासाला दशांशचिन्ह विसरल्यास तुमचा एखादा गुण जातो. चिठ्ठींत १.० मधील टिंब पुसट झालें, तर एकाचे दहा होतात, व रोग्याच्या पोटांत दसपट औषध जातें. म्हणूनच पूर्णांकापुढें टिंब व शून्य लिहूं नये, आणि अर्धा लिहावयाचा असल्यास टिंबाआधीं शून्य अवश्य लिहावें, असा सावध लिहिणाऱ्यांचा परिपाठ आहे.

तिसरी चूक मापाची. तापावरील पॅरासिटामॉलचे तान्ह्या मुलांसाठीं जे थेंब मिळतात, त्यांच्या एका मिलिलिटरांत बहुधा १०० मिलिग्रॅम औषध असतें. त्याच औषधाच्या एका प्रकारच्या पातळ सिरपमध्यें पांच मिलिलिटरांत १२५, म्हणजे एका मिलिलिटरांत २५ मिलिग्रॅमच असतें. सिरपच्या मापानें थेंब पाजले, तर बालकास चौपट औषध जाईल! स्वयंपाकघरांतील चमचेही लहानमोठे असतात. म्हणून बाटलीबरोबर आलेलेंच माप वापरावें.

चौथी चूक वेळेची, आणि ती माझ्या स्वतःच्या घरांत होतां होतां टळली. माझ्या वृद्ध आईस आमवातासाठीं डॉक्टरांनीं मेथोट्रेक्सेट नांवाचें औषध लिहून दिलें. ह्या विकारांत तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. माझी नववींतील मुलगी तें घेऊन आली, तेव्हां मी उत्तरपत्रिका तपाशीत होतों. ती म्हणाली, “बाबा, चिठ्ठींत ‘वीकली’ असें आहे आणि पुडीवर ‘रोज एक’ असें लिहिलें आहे.” मीं मान वर न करतांच म्हटलें, “दुकानदाराला आपल्यापेक्षां अधिक कळतें. आजीला गोळी दे.” ती हटली नाहीं. तिनें चिठ्ठी व पुडी माझ्यासमोर उत्तरपत्रिकेवरच ठेवली. मीं डॉक्टरांस फोन केला. हें औषध रोज घेतल्यास नव्या रक्तपेशी तयार होणें थांबतें, तोंडांत व्रण पडतात आणि रोगी दगावूंही शकतो, असें त्यांनीं सांगितलें. मला घाम फुटला. दुसऱ्यांच्या चुकांवर तांबड्या शाईच्या खुणा करणारा मी, माझ्या घरांतील चूक पाहावयास तयार नव्हतों.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, दुकान सोडण्यापूर्वीं चिठ्ठी व औषध शेजारीं शेजारीं धरून पांच गोष्टी ताडून पाहा : रोग्याचें नांव, औषधाचें नांव, त्याची शक्ति म्हणजे किती मिलिग्रॅम, घेण्याची वेळ, आणि वापराची मुदत. एखादें औषध रोग्यास पूर्वीं बाधलें असल्यास तें सांगा. कांहीं जुळत नसेल, तर फार्मासिस्टाला नम्रपणें विचारा. समाधान न झाल्यास डॉक्टरांस विचारा. मात्र आपल्याच बुद्धीनें औषध बदलूं नका किंवा बंद करूं नका.

पालकांसही एक विनंति आहे. डॉक्टरांसमोरून उठण्यापूर्वीं कोणतें औषध कशासाठीं व किती दिवस, हें विचारून घ्यावें; आणि मुलानें शंका काढली, तर त्यास गप्प बसवूं नये. त्या दिवशीं संध्याकाळीं मुलीला घेऊन मी दुकानीं गेलों. फार्मासिस्टानें पुडी पाहिली, तिच्यावरील शब्द खोडून ‘आठवड्यांतून एकदां, सोमवारीं’ असें स्वच्छ अक्षरांत लिहिलें, आणि माझ्याकडे न पाहतां मुलीकडे पाहून तिचे आभार मानले.