वेदनाशामक गोळ्या आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला साधारण १ लिटर रक्त, मूत्रपिंडांकडे जाते आणि तेथील केशिकागुच्छांत, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या झुबक्यांत, ते दाबाने गाळले जाते.

गैरसमज : गोळी फक्त दुखऱ्या जागी काम करते.

वस्तुस्थिती : आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी दाहशामक औषधे प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात; या औषधगटाच्या कार्याचा हा उलगडा जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये केला. हीच द्रव्ये सांध्यात सूज आणि वेदना वाढवतात, तर मूत्रपिंडात केशिकागुच्छाकडे रक्त आणणारी रोहिणिका, म्हणजे सूक्ष्म धमनी, रुंद ठेवतात.

गैरसमज : एकाला गोळी सोसली, म्हणजे ती सर्वांना सोसते.

वस्तुस्थिती : निरोगी माणसाचा मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह प्रोस्टाग्लँडिनांवर फारसा अवलंबून नसल्यामुळे थोड्या दिवसांच्या औषधाने त्याला सहसा अपाय होत नाही. मात्र जुलाब, उलट्या किंवा उन्हातील कष्टांमुळे शरीरातील पाणी घटले, अथवा हृदय दुर्बल झाले, की रक्तदाब टिकवण्यासाठी शरीर रक्तवाहिन्या आवळते; अशा वेळी मूत्रपिंडाची रोहिणिका उघडी ठेवण्याचा भार प्रोस्टाग्लँडिनांवरच येतो आणि नेमका तोच आधार गोळीमुळे निघून जातो.

गैरसमज : रक्तदाबाच्या औषधांशी वेदनाशामकांचा संबंध नाही.

वस्तुस्थिती : रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या औषधांनी केशिकागुच्छातून रक्त बाहेर नेणारी रोहिणिका सैल होते, लघवी वाढवणाऱ्या गोळीने शरीरातील द्रव कमी होतो आणि त्यात दाहशामक गोळीची भर पडली, की रक्ताची आवकही आक्रसते, तिन्ही एकत्र आल्यास गाळण्यासाठी लागणारा दाबच कोसळू शकतो.

गैरसमज : पोटाला सौम्य असलेली नवी गोळी किंवा इंजेक्शन मूत्रपिंडालाही सुरक्षित असते.

वस्तुस्थिती : सेलेकॉक्सिब, एटोरिकॉक्सिब ही औषधे ज्या ‘कॉक्स-२’ विकराला, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन घडवणाऱ्या प्रथिनाला, अडवतात, ते मूत्रपिंडात एरवीही कार्यरत असते, आणि इंजेक्शनमधील औषध पोट टाळून दिले, तरी रक्तावाटे मूत्रपिंडात पोहोचतेच.

गैरसमज : लघवी नीट होते, म्हणजे मूत्रपिंड ठीक आहे.

वस्तुस्थिती : गाळण मंदावली, तरी लघवीचे प्रमाण नेहमीसारखे राहू शकते, गाळणीतील ही घट रक्तातील क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याच्या तपासणीत कळते. रक्तप्रवाह घटल्यामुळे झालेला बिघाड वेळीच औषध थांबवल्यास बहुधा काही दिवसांत भरून येतो, म्हणूनच वयस्कर माणसाने, तसेच मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असलेल्याने, दुकानातून परस्पर गोळी घेण्याआधी आपल्या चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणे अत्यावश्यक आहे.